शिंगट्याचे शेजारी

निरोप गाडीबरोबर आला. कामशेतला दुपारची पॅसेंजर थांबली तेव्हा आमचे हे बुकिंगच्या खिडकीत बसले होते. गार्डानं त्यांच्या हातात एक चतकोर कागद ठेवला, शिट्टी दिली आणि गाडी पुढे गेली. कागदावर इमाम मिस्त्रींचं मोठं, तिरपं अक्षर होतं. ‘आमिना सकाळी गेली. बाईंना सांगावे.’ मी शाळेतून येऊन तांदूळ निवडत बसले होते. हे चपला न काढताच आत आले आणि कागद माझ्यापुढे धरून उभे राहिले. संध्याकाळच्या गाडीनं आम्ही लोणावळ्याला पोचलो, पण तोवर दफन आटोपून माणसं परतली होती. दुसऱ्यांदा अंगावरून वारं गेलं, इमाम मिस्त्री म्हणाले, आणि या खेपेला तिला झगडायला वेळच मिळाला नाही. हे ऐकून मला दुःखाच्या आधी राग आला. झगडायला वेळ मिळाला असता तर ती अशी गेली नसती, हे मी आजही शपथेवर सांगेन.

त्याला आता पाच आठवडे झाले. आमिनाबी काही सभेत बोलणारी बाई नव्हती, तिला सहीपुरतंच अक्षर येत होतं. तिच्याविषयी दुसरं कुणी लिहील असं वाटत नाही, म्हणून मी लिहिते आहे. लोणावळ्याला रेल्वेच्या चाळीत आम्ही आठ वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलो. तिचा नवरा इमाम मिस्त्री, आमचे इमामभाई, इंजिनांच्या शेडमध्ये फिटर. आमचे हे तेव्हा रेल्वेच्या भांडारात कारकून, मी मुलींच्या शाळेत शिक्षिका आणि घरात माझ्या सासूबाई. आमच्या घरी कांदासुद्धा चातुर्मासात वर्ज्य, आणि आमिनाबी पवनेकाठची, मासळीवर वाढलेली. त्यामुळे पहिली दोन वर्षं आमचं बोलणं नळापुरतं आणि वाळवणापुरतंच होतं.

महायुद्धाची लढाई सुरू व्हायच्या बऱ्याच आधीची गोष्ट. एका सकाळी भाकरी थापता थापता आमिनाबीचा डावा हात परातीत पडला तो उचललाच नाही. डावं अंग गेलं, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळायला लागलं. वय असेल अडतीस-एकोणचाळीस. सगळ्यांत विचित्र प्रकार असा की डावीकडचं जगच तिच्या लेखी नाहीसं झालं. ताटातला डावीकडचा भात तसाच राहायचा. डावीकडून हाक मारली तर ती उजवीकडे बघायची. रेल्वेचे डॉक्टर म्हणाले, “हिला डावीकडे बघायला लावा. ज्या बाजूला बघणार नाही, ती बाजू परत यायची नाही.” इमामभाईंनी मग खाट फिरवली, दार डावीकडे येईल अशी ठेवली. पण दारातून येणारी माणसं शहाणी. ती वळसा घालून उजवीकडे जाऊन बसायची आणि तिथूनच हळहळायची. मीही त्यातलीच होते. एकदा मी तशीच बसले असताना तिनं माझं मनगट धरलं आणि एकेक शब्द जुळवत म्हणाली, “बाई... मला दोन हातानं भाकरी थापायची हाय. येका हातानं... भाकरी होत न्हाई.” मी म्हटलं, होईल हळूहळू. तिला ते आवडलं नाही. “हळूहळू न्हाई,” ती म्हणाली, “सांगा कसं ते.”

कसं ते मला कुठून माहीत असणार... पण इमामभाईंनी काहीतरी ठरवलं होतं. शेडच्या भंगारात निघालेल्या डब्याच्या खिडक्यांच्या काचा त्यांनी रीतसर अर्ज करून मागून घेतल्या, लोखंडी पट्ट्यांची चौकट केली, सांध्यांना लुकण भरलं आणि एक काचेचा हौद तयार केला. इंजिनाची वाफ दाबून धरणारा हा माणूस त्या चार काचांपुढे मात्र हरला. हौद गळायचा, ते उपसायचे, वाळवायचे, पुन्हा लुकण. असे आठ-दहा दिवस गेले आणि चाळीतल्या प्रत्येकानं त्यांना सल्ला देऊन घेतला. शेवटी हौद टिकला. तो त्यांनी खाटेच्या डाव्या अंगाला, खाटेहून जरा बुटक्या चौरंगावर ठेवला. खाली ओढ्यातली वाळू आणि गोटे, पाणी खोल नाही पण रुंद पसरलेलं. कुसगावच्या बाजूच्या ओढ्यातून ते स्वतः फडक्यानं मासे धरून घेऊन आले. खवल्या, चांदीच्या पत्र्यासारखे मळे, मिशीवाले दोन शिंगटे, त्यातल्या एकानं काटा मारल्यामुळे सुजलेला स्वतःचा अंगठा, आणि एक पट्ट्यापट्ट्यांचं देखणं पिल्लू. हे पिल्लू कसलं ते त्यांना ठाऊक नव्हतं. माणूस पुण्याच्या पेठेतला, मासा ओळखायचा तो ताटातला.

दोन दिवसांनी हौदातले पाच मळे आणि धाकटा शिंगटा दिसेनात. मांजर म्हणावं तर वर जाळी होती. इमामभाई बुचकळ्यात पडून गोटे उचलून बघत होते, आणि तेवढ्यात खाटेवरून आवाज आला, “मरळ... ती मरळ हाय. पोट बघा तिचं.” ते देखणं पिल्लू मरळीचं होतं, आणि तिनं शेजाऱ्यांना गिळून टाकलं होतं. इमामभाई हातात गोटा घेऊन बायकोकडे बघत राहिले. मासे गेले याचं त्यांना काहीच वाटलं नाही. मान वळवून, डावीकडे बघून, तिनं मरळीचं पोट पाहिलं होतं. मग ती हसायला लागली. वाकड्या तोंडानं, लाळ गळत, पण पोटभर. “माज्या नवऱ्यानं वाघ आणून... शेळ्यांत बांधला,” असं ती पुढे वर्षभर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती.

मरळ ओढ्यात परत गेली आणि हौदाचा कारभार आमिनाबीकडे आला. कोण कुणाबरोबर राहील, हे ती खाटेवरून ठरवायची. तिचा नियम साधा होता. जो दुसऱ्याच्या तोंडात मावतो, त्याला त्याच्या शेजारी ठेवायचं नाही. “चाळीत बी तसंच हाय,” ती मला म्हणाली, “तुमच्या सासूबाईंच्या तोंडात मी मावत न्हाई, म्हणून निभतंय.” शिंगट्याला दिवसा लपायला जागा हवी, म्हणून नळीचं कौल उपडं घातलं. तो दिवसभर त्याखाली मिशा तेवढ्या बाहेर काढून पडून राहायचा आणि दिवेलागणीला निघायचा. खवल्या मधल्या पाण्यात, मळे वर, शिंगटा तळाशी. प्रत्येकाची आळी ठरलेली, म्हणजे तंटा नाही. आणि खायला घालायचं ते फक्त तिनं, फक्त डाव्या हातानं. इमामभाई शेडमागच्या ओलीतून गांडुळं आणून पत्र्याच्या झाकणात बारीक तुकडे करून ठेवायचे. एक तुकडा चिमटीत धरून काठापर्यंत न्यायला तिला सुरुवातीला अर्धा तास लागायचा. तुकडा चादरीवर पडायचा. पुन्हा. हात काठावर आपटायचा. पुन्हा. मी एकदा न राहवून तिचा हात धरायला गेले, तर अशी नजर दिली की मी मुकाट्यानं मागे सरले. “माशांना उपास पडला तरी चालंल,” ती म्हणाली, “मधी कुणी हात घालायचा न्हाई.” पाच-सहा महिन्यांत हात काठापर्यंत नेमका जायला लागला. थरथर होतीच. पण बोटं पाण्याला लागली की शिंगटा कौलाखालून निघून यायचा आणि तिच्या चिमटीतून तुकडा ओढून घ्यायचा.

आता मला जे लिहायचं आहे, ते टाळता आलं असतं तर मी टाळलं असतं. त्या वर्षी अधिक महिना आला होता. अधिकात माशांना कणकेच्या गोळ्या घालायच्या, गोळीत रामनामाची चिठ्ठी ठेवायची, हे पुण्य आमच्या सासूबाई कधी चुकवत नसत. दरवेळी आम्ही इंद्रायणीवर जात असू. पण एकादशीला पाऊस लागून राहिला होता, वाट निसरडी, आणि सासूबाईंचा गुडघा धरलेला. त्यांनी विचार केला, विचार कसला, निर्णयच दिला. “मासे भिंतीपलीकडे असताना नदीवर कशाला जायचं? मासा तो मासा.” चाळीतल्या चार-पाच जणींना ते पटलं. चिठ्ठ्या मी लिहिल्या, कारण अक्षर माझं चांगलं. कणीकही मीच मळली. शाळेत मी मुलींना आरोग्य शिकवत होते, साचलेल्या पाण्यावर धडे देत होते, आणि घरी बसून एकशे आठ गोळ्या वळत होते... माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही की हौद म्हणजे नदी नव्हे.

आम्ही सगळ्या तिच्या घरात गेलो. इमामभाई कामावर होते. ज्या बायकांनी तीन वर्षांत त्या घराचा उंबरा ओलांडला नव्हता, त्या ओल्या पावलांनी आत आल्या, तिला ‘कशी आहेस गं’ म्हणाल्या आणि हौदाभोवती दाटीवाटीनं उभ्या राहिल्या. आमिनाबीनं तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा मिटलं. पुढे मी तिला विचारलं, तू थांबवलं का नाहीस? ती म्हणाली, “तुमच्या देवाचं काम. आणि पैल्यांदाच आल्या होत्या. दारातनं कसं परतवू?” गोळ्या पडल्या. मासे तुटून पडले, बायका हरखल्या. निम्म्याहून जास्त गोळ्या तळाशी जाऊन बसल्या. दुसऱ्या सकाळी भिंतीपलीकडून इमामभाईंची हाक आली. पाणी ताकासारखं पांढरं झालं होतं आणि आंबूस वास घरभर भरला होता. खवल्या, मळे, सगळे पोटं वर करून तरंगत होते आणि त्यांच्यामध्ये माझ्या वळणदार अक्षरातल्या चिठ्ठ्या. एकटा शिंगटा वर येऊन तोंडानं हवा ओढत होता.

आमिनाबीनं दिवसभर हौदाकडे पाहिलं नाही. भिंतीकडे, म्हणजे उजवीकडे, तोंड करून पडली. डॉक्टरांचे शब्द मला आठवत होते आणि मी शाळेत वर्गासमोर उभी राहून फळ्यावर काय लिहीत होते ते मला कळत नव्हतं. सासूबाई देवापुढे बसल्या, पण जपमाळ हातात नुसती धरून. संध्याकाळी मी धीर करून तिच्या दाराशी गेले. काय बोलायचं ते ठरवून गेले होते, पण रडूच आलं. ती माझ्याकडे वळली. “रडून पाणी बदलत न्हाई, बाई,” ती म्हणाली. “बादली घ्या. शिंगटा अजून जित्ता हाय. उपसा.”

मी उपसलं. त्या संध्याकाळी आणि पुढचे पंधरा दिवस रोज, विहिरीवरून दोन बादल्या. नळाचं पाणी तिला चालत नव्हतं. माझी पाठ धरली, पदर कायमचा ओला, शाळेत मुली कुजबुजायच्या. पण तिनं मला त्यातून सोडलं नाही आणि मलाही सुटायचं नव्हतं. सासूबाईंनी आपली शिक्षा आपणच ठरवून घेतली. दर एकादशीला त्या आमिनाबीच्या दारात पाट टाकून बसायच्या आणि कुणी हातात काही घेऊन आलं की बजावायच्या, “आज माशांचीही एकादशी आहे. काही घालायचं नाही.” चाळीत हसू झालं खरं, पण आमिनाबीनं तो नियम उचलून धरला. पंधरा दिवसांतून एकदा उपास पडला की पाणी नितळ राहतं, हे तिला आधीपासून ठाऊक होतं. सांगणारी बाई मात्र तिला आमच्या घरातली हवी होती.

नवे मळे आणले, तर ते शिंगट्यानं खाल्ले. एवढ्या दिवसांत तो चांगला वीतभर झाला होता. इमामभाई म्हणाले, याला ओढ्यात सोडून येऊ, म्हणजे बारके मासे ठेवता येतील. “न्हाई,” ती म्हणाली. “तो जगला. जगला त्याला घालवायचं न्हाई. त्याच्या जोगते शेजारी आणा.” मग तिचा भाऊ पवनेकाठावरून तळहाताएवढ्या रुंद खवल्या आणि एक सापासारखी लांब वांब घेऊन आला. मडक्यात पाणी, तोंडाला ओलं फडकं, कामशेतपर्यंत बैलगाडी आणि पुढे रेल्वे. मासे सोडायच्या आधी तिनं शिंगट्याला पोटभर खायला घातलं आणि इमामभाईंकडून कौल उचलून दुसऱ्या कोपऱ्यात ठेवलं, गोटे इकडचे तिकडे केले. मी विचारलं, हे कशाला? “जागा हलली की घरमालक कोण, ह्ये त्याला बी ठावं राहत न्हाई. मग समदेच भाडेकरू.” खरोखर, शिंगटा नवी जागा शोधण्यात गुंतला, आणि तोवर खवल्यांनी मधलं पाणी धरलं. वांब वाळूत शिरली. त्यानंतर त्या हौदात कुणी कुणाला खाल्लं नाही.

आमिनाबी आजारी पडल्याला दोन वर्षं होत आली होती, तेव्हा एका सकाळी भिंतीपलीकडून थापण्याचा आवाज आला. एक थाप, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरी. मी हातातलं काम टाकून धावले. इमामभाईंनी तिला चुलीपुढे पोत्याला टेकवून बसवलं होतं. डावा हात परातीत होता, बोटं अर्धी मिटलेली, आणि उजव्या हातानं ती पीठ त्याच्याकडे सरकवत होती. तांदळाची भाकरी, आधीच चिरणारी. पहिल्या दोन फाटल्या. तिसरी तव्यावर पडली, वाकडी, पण अखंड. तिनं ती ताटलीत ठेवून माझ्याकडे दिली, “सासूबाईंना दावा,” म्हणाली. सासूबाईंनी ती भाकरी खाल्ली, असं लिहायला मला फार आवडलं असतं. तसं झालं नाही. त्यांचा जन्म ज्या रीतीत गेला, ती त्यांना ओलांडता आली नाही. पण त्यांनी ताटली उजेडात धरली, भाकरी बोटानं दाबून चारी बाजूंनी पाहिली, आणि दारात जाऊन म्हणाल्या, “डावीकडे जाड राहिली आहे गं.” मग आत येऊन मला म्हणाल्या, “तू खा.” मी खाल्ली. आमिनाबीला त्या बोलण्याचा इतका आनंद झाला की दुसऱ्या दिवशी तिनं डावी कड पातळ करण्यासाठी पाच भाकऱ्या फाडल्या. पुढे ती रोज दोन माणसांचा स्वयंपाक करत होती. काठी धरून नळापर्यंत जात होती. डावा हात कधीच पूर्ण बरा झाला नाही, थरथर राहिली ती राहिलीच. माशांना मात्र शेवटपर्यंत तिनं उजव्या हातानं खायला घातलं नाही.

आमची बदली कामशेतला झाली, सासूबाई गेल्या, भेटी कमी झाल्या... गेल्या रविवारी मी पुन्हा लोणावळ्याला गेले. इमामभाई एकटेच खाटेवर बसले होते. हौद तसाच, पाणी नितळ, काचा पुसलेल्या. पण माणूस काळजीत दिसला. “माज्या हाताला येत न्हाईत, बाई,” ते म्हणाले. “वरनं टाकतो, ते तसंच तळाला पडून राहतं. सकाळी वेचून काढतो. पाच आठवड्यांत किती खाल्लं असंल... असंच चाललं तर नदीत सोडावं लागंल.” माझ्यातली शिक्षिका लगेच जागी झाली. मी म्हटलं, अहो, सोपं आहे. तिचा हात थरथरायचा. पाणी तसं हललं की त्यांना कळायचं. आणि आयुष्यात पहिल्यांदा मी गांडुळाचा तुकडा चिमटीत धरला, बोटं पाण्याला लावली आणि हात हलवायला लागले. खवल्या भेदरून कोपऱ्यात गेल्या. शिंगट्यानं मिशासुद्धा आत घेतल्या.

इमामभाई उठून हौदापाशी आले. मग म्हणाले, “हलवू नका, बाई. ती कधी हलवत नव्हती. ती हात थांबवायला बघायची.”

मी खाटेच्या कडेला, तिच्या जागी बसले. तुकडा डाव्या हातात घेतला, बोटं पाण्याला टेकवली आणि हात स्थिर धरला. बराच वेळ काही झालं नाही. बाहेर दिवेलागण झाली. खांदा भरून आला, कोपर दुखायला लागलं, आणि माझ्या मनात नसताना बोटं थरथरायला लागली. कौलाखालून आधी मिशा आल्या, मग डोकं. माझे दात आवळले गेले होते. मी हात थांबवायला बघत राहिले.